शेताचे पाणी, शहराचा नळ : वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील उत्तरांत ‘पाण्याचा बाजार’ हा शब्द ओघात आला होता. ज्याच्याकडे पाण्याचा ठरलेला आणि मोजलेला वाटा आहे, त्याने तो मोबदला घेऊन काही काळापुरता दुसऱ्याला द्यावा, एवढाच त्याचा साधा अर्थ. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची जमीन गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याच्या शेपटाला आहे. वडिलांच्या वेळी रब्बीला कालव्याच्या पाण्याच्या जेवढ्या पाळ्या मिळत, तेवढ्या आता मिळत नाहीत आणि दरवेळी कारण एकच सांगितले जाते : शहराचे आरक्षण वाढले. ऑस्ट्रेलियात शेतकरी आपले पाणी विकतात असे वाचले. आम्हालाही ते कायद्याने शक्य आहे का? निदान बुडालेल्या पाळीचे पैसे तरी हातात पडतील. (कांदा उत्पादक, निफाड तालुका)

उत्तर : कायद्याने हे पूर्णपणे निषिद्ध नाही, पण आपण उद्या उठून महापालिकेशी व्यवहार करू शकाल, अशीही स्थिती नाही.

२००५ साली राज्यात दोन कायदे झाले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने धरणाच्या पाण्यातील वाट्याला ‘पाणी वापर हक्क’ असे रूप दिले. हा हक्क मालकीचा नाही, उपभोगाचा आहे. मात्र प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली तो वार्षिक किंवा हंगामी तत्त्वावर दुसऱ्याला देता येईल, त्याची अदलाबदल किंवा खरेदी-विक्री करता येईल, अशी तरतूद त्यात आहे. दुसरा कायदा सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून होणाऱ्या व्यवस्थापनाचा. त्याने कालव्याचे पाणी एकेका खातेदाराऐवजी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेला, घनमापन पद्धतीने मोजून द्यायचे ठरवले. याचा आपल्यापुरता अर्थ असा की, सातबारा आपल्या नावावर असला तरी कालव्याचे पाणी आपल्या नावावर नाही. नमुना क्रमांक ७ चा अर्ज भरून आपण जे मागतो ती त्या हंगामापुरती मागणी असते. विकता येईल तो हक्क, आणि हक्क असतो संस्थेच्या नावाने. ज्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या पोटफाट्यावर, संस्थाच नाही, किंवा संस्था कागदावर आहे पण मोघ्यावर, म्हणजे पाणी सोडण्याच्या तोंडाशी, मोजमाप नाही, तिथे विकण्यासारखे काही हातात नसते.

आणखी एक अडचण आहे. प्राधिकरणाच्या कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीने पिणे, शेती आणि उद्योग यांच्यात पाणी कसे वाटायचे हा निर्णय मंत्रिमंडळाकडे गेला. त्याआधी शेतीचे पाणी उद्योगांकडे वळवण्यावरून राज्यात मोठा असंतोष होता. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता, तोही २०११ मध्येच बदलून शेतीला दुसरे स्थान मिळाले. त्यामुळे एखाद्या संस्थेने आपल्या वाट्याचे पाणी शहराला द्यायचे म्हटले, तर सरकारची मान्यता आणि प्राधिकरणाचे नियम या दोन्हींची सोबत लागणार.

आता आपल्या पत्रातील खऱ्या दुखण्याकडे येतो. पाणी शेतीकडून शहराकडे जावे की जाऊ नये, असा वाद आपण घालत बसतो. प्रत्यक्षात ते कित्येक वर्षे जातच आहे. दरवर्षी धरणातील १५ ऑक्टोबरचा साठा पाहून आरक्षण, म्हणजे शहर-उद्योगांसाठी राखायचे पाणी ठरते, मग कालवा सल्लागार समितीत आवर्तने, म्हणजे पाळ्या ठरतात आणि जे उरेल ते शेताला मिळते. सिंचनाचे पाणी बिगरसिंचनाकडे वळवले की ते घेणाऱ्याने ‘सिंचन पुनर्स्थापना खर्च’ भरायचा, असा आपल्या राज्यात नियम आहे. नाव किती नेमके आहे! पण हा पैसा जमा होतो पाटबंधारे महामंडळाकडे. ज्याच्या चारीची पाळी गेली, त्याच्या खात्यात त्यातला एक रुपयाही येत नाही. म्हणून पाण्याचा बाजार नको म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे विचारतो, की मोबदल्याविना, शेतकऱ्याची संमती न घेता होणारे आजचे हस्तांतर त्यांना कोणत्या न्यायाने बरे वाटते?

मला स्वतःला जी पद्धत नाशिकला योग्य वाटते, ती कायमच्या विक्रीची नाही. शहराने आणि पाणी वापर संस्थेने कोरड्या वर्षांपुरता करार आधीच करून ठेवावा. चांगल्या पावसाच्या वर्षी शहराने संस्थेला थोडी ठरलेली रक्कम द्यावी आणि पाणी शेतालाच मिळावे. १५ ऑक्टोबरचा साठा ठरावीक टक्क्यांखाली असेल त्या वर्षी संस्थेने एक किंवा दोन पाळ्या सोडाव्यात आणि त्यांचा दर, जो करारातच लिहिलेला आहे, तो शहराने चुकता करावा. यात वेळ सर्वांत महत्त्वाची. उन्हाळ कांद्याचे रोप टाकण्याआधी आपल्याला कळले, की यंदा शेवटची पाळी नाही, तर आपण क्षेत्र कमी कराल, हरभरा घ्याल किंवा रान मोकळे ठेवाल. लागवड झाल्यावर, कांदा पोसण्याच्या वेळी पाळी रद्द झाली, तर बी, मजुरी, खत सगळेच मातीत जाते आणि मग कोणताही मोबदला पुरा पडत नाही. आज हे नेमके उलट्या क्रमाने घडते. द्राक्षबागेची गोष्ट वेगळी आहे. वेल एक हंगाम उपाशी ठेवता येत नाही, म्हणून बागायतदाराने अशा करारात उतरताना आपल्या विहिरीचा आणि शेततळ्याचा हिशेब आधी मांडावा.

प्रश्न : पाण्याची खरेदी-विक्री जगात कुठे कुठे होते आणि तिचा अनुभव काय? महाविद्यालयातील प्रकल्पासाठी माहिती हवी आहे. (विद्यार्थिनी, येवला)

उत्तर : सर्वांत मोठा आणि सर्वाधिक अभ्यासला गेलेला बाजार ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग खोऱ्याचा. तो खरा फुलला तो पाण्याच्या उपशावर मर्यादा आल्यानंतर, ही गोष्ट आपल्या प्रकल्पात अवश्य लिहावी. १९९५ मध्ये नदीतून एकूण किती पाणी उचलायचे यावर मर्यादा घातली गेली; त्याच्या मागेपुढेच पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करायचे ठरले. तिथे दोन गोष्टी विकल्या जातात : एक कायमचा हक्क, आणि दुसरे त्या हक्कावर त्या वर्षी मिळालेले पाणी. ज्याचा हक्क १०० एककांचा आहे आणि धरणातील साठा पाहून त्या वर्षी ४० टक्क्यांची घोषणा झाली, त्याच्या खात्यात ४० एकके येतात. ती तो वापरतो किंवा विकतो. या शतकाच्या आरंभी तिथे जो दीर्घ दुष्काळ पडला, त्यात भात पिकवणाऱ्यांनी आपले पाणी फळबागा आणि द्राक्षमळे असलेल्या शेतकऱ्यांना विकले. भाताचे क्षेत्र एका हंगामात जवळजवळ नाहीसे झाले, पण वेली आणि झाडे जगली, आणि भातवाल्याच्या घरात पाण्याचे पैसे आले. बहुतेक व्यवहार शेतकरी आणि शेतकरी यांच्यातले होते, शहराशी नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. दुसरी बाजू अशी की, डेनिलिक्विन या गावातील भाताची मोठी गिरणी काही वर्षे बंद राहिली. तिथल्या कामगाराकडे विकायला पाण्याचा हक्क नव्हता. पुढे २०२१ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने या बाजाराची चौकशी करून दलालांवर पुरेसे नियंत्रण नाही आणि भावांची माहिती सर्वांना सारखी मिळत नाही, असा निष्कर्ष काढला.

कॅलिफोर्नियाने १९९१ च्या दुष्काळात सरकारी ‘पाणी बँक’ उघडली होती. शेतकऱ्यांकडून एकर-फुटाला (एका एकरावर एक फूट उभे राहील एवढ्या पाण्याला) १२५ डॉलर दराने पाणी घेतले आणि १७५ डॉलर दराने शहरांना व गरजू शेतकऱ्यांना दिले. दलाल नव्हता, भाव जाहीर होता आणि योजना संकटापुरती होती. मला हे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे वाटते. त्याच राज्यात एक जुनी जखमही आहे. लॉस एंजेलिस शहराने विसाव्या शतकाच्या आरंभी ओवेन्स खोऱ्यातील जमिनी पाण्यासाठी विकत घेतल्या, १९१३ मध्ये कालवा सुरू झाला, आणि काही वर्षांतच तिथले सरोवर आटून त्याच्या तळाची धूळ आसपासच्या गावांवर उडू लागली. पाणी कायमचे विकले गेले की मागे राहणाऱ्यांचे काय होते, हे त्या खोऱ्याने दाखवले.

चिलीने १९८१ च्या कायद्याने पाण्याचे हक्क खासगी आणि कायमचे करून टाकले. पेतोर्का भागात डोंगरउतारांवर अ‍ॅव्होकॅडोच्या बागा हिरव्या आणि पायथ्याच्या वस्त्या टँकरवर, असे चित्र उभे राहिले. २०२२ मध्ये कायदा बदलून माणसाच्या गरजेला अग्रक्रम द्यावा लागला. आपल्या देशातील उदाहरण हवे असेल तर चेन्नई पाहावे : या शतकाच्या पहिल्या वर्षांत तिथल्या जलमंडळाने शहराच्या उत्तरेकडील शेतकऱ्यांच्या विहिरींचे पाणी विकत घेतले होते. विहीरमालकाला पैसा मिळाला. विहीर नसलेल्या शेजाऱ्याने आणि शेतमजुराने विरोध केला.

प्रश्न : आम्ही इंदिरानगर भागात राहतो. पिण्याच्या पाण्याला पहिला मान आहे, असे आपणच लिहिता. मग शहराने शेतकऱ्याला पैसे का द्यायचे? ते शेवटी आमच्याच पाणीपट्टीत वाढणार. उन्हाळ्यात सोसायटीला टँकरचा खर्च आहेच. (गृहिणी, नाशिक)

उत्तर : ताई, पिण्याच्या पाण्याचा मान पहिलाच आहे आणि तो राहावा. पण आपल्या नळाला येणारे सगळे पाणी पिण्याचे नसते. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्यात पिण्याचे आणि स्वयंपाकाचे मिळून फार थोडे, बाकी आंघोळ, कपडे, शौचालय, फरशी. त्या बाकीच्याचीही गरज खरी आहे, ती मी नाकारत नाही. मात्र दुष्काळाच्या वर्षी गाडी धुण्याचे पाणी आणि गव्हाच्या शेवटच्या पाळीचे पाणी यांत पहिल्याचा मान वरचा आहे, असे कोणताही कायदा म्हणत नाही.

थोडा हिशेब करू. माणशी १३५ लिटर म्हणजे वर्षाला सुमारे ४९ घनमीटर. एका एकराला संपूर्ण हंगामात ५० सेंटीमीटर पाणी दिले तर ते सुमारे २,००० घनमीटर होते. म्हणजे एका एकराचे पाणी चाळीस माणसांना वर्षभर पुरते. वर्तमानपत्रात आपण ज्याला ‘एक दशलक्ष घनफूट’ म्हणून वाचतो, ते दोन लाख माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे, आणि शेतात पोहोचले तर सत्तर एकरांना दहा सेंटीमीटरची एक पाळी आहे. शहराच्या मानाने शेतीचे पाणी पुष्कळ असते आणि म्हणूनच शेतातून थोडे घेतले तरी शहराची टंचाई भागते. पण त्या थोड्यासाठी कोणाचे तरी पीक जाते.

आता पाणीपट्टीचे. चौघांचे कुटुंब महिन्याला साधारण १६ घनमीटर पाणी वापरते. समजण्यापुरते धरू, की कोरड्या वर्षी त्यातले चौथाई पाणी शेतकऱ्याकडून घेतलेले आहे आणि त्याला घनमीटरमागे १० रुपये दिले. आपल्या घरावर महिन्याला ४० रुपयांचा भार पडेल. त्याच दराने, आठशे घनमीटर म्हणजे दोन पाळ्या सोडणाऱ्या शेतकऱ्याला एकरी ८,००० रुपये मिळतील. हा दर मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे, खरा दर वाटाघाटीने ठरेल. पण दहा हजार लिटरच्या एका टँकरला आपली सोसायटी काय मोजते, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. दहा हजार लिटर म्हणजे दहा घनमीटर.

आणखी एक विनंती. शहराने वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होते, असे अभियंते धरून चालतात. नाशिकचे ते पाणी प्रक्रिया होऊन किंवा न होता गोदावरीत उतरते आणि खाली नांदूर मधमेश्वरला पोहोचते. तिथल्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांवर पुढचे कितीतरी शेतकरी अवलंबून आहेत. २०२० मध्ये याच पाणथळ जागेला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले, आणि याच पाण्यावर पाणवेलींचा थर साचलेला आपल्याला दिसतो. शहर जर आपले सांडपाणी शेतीला चालेल इतके स्वच्छ करून, मोजून परत देऊ शकले, तर धरणातील ताजे पाणी आणि शहराचे शुद्ध केलेले पाणी यांची चक्क अदलाबदल होईल. पैशांच्या व्यवहाराइतकीच हीसुद्धा पाण्याची देवघेव आहे. आणि नाशिकसारख्या, नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या शहराला ती सर्वांत सहज जमण्यासारखी आहे. पण प्रक्रियेत कसूर करून ‘परत दिले’ म्हणणे म्हणजे शेतकऱ्याला फसवणे, कारण निर्यातीच्या द्राक्षाला पाण्याचा दोष लपवता येत नाही.

प्रश्न : आमची पाणी वापर संस्था बरी चालते. बहुतेक सभासद ठिबकवर गेले आहेत आणि दरवर्षी थोडा कोटा शिल्लक राहतो. तो बाहेर विकावा, असा प्रस्ताव वार्षिक सभेत येत आहे. काहींचा विरोध आहे. आपले मत काय? (संस्थेचे पदाधिकारी, दिंडोरी तालुका)

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचले, कारण सगळ्या चर्चेतला सर्वांत कठीण प्रश्न यात आहे.

आपण वाघाड प्रकल्पाच्या शेजारचे. तेव्हा मोजून पाणी घेण्याचे महत्त्व आपल्याला मी सांगावे असे नाही. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, १९९१ च्या सुमारास तिथे पाणी वापर संस्थांचे काम उभे केले. आरंभ केला तो कालव्याच्या शेपटाकडच्या, पाणी न पोहोचणाऱ्या गावांत, आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. त्या भागातल्या एका मोघ्यावर मी काही वर्षांपूर्वी पाटकऱ्याबरोबर उभा होतो. फ्लूमच्या, म्हणजे पाणी मोजण्याच्या पन्हळीच्या, भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी, तिच्यावर शेवाळ. त्याने आधी हाताने शेवाळ पुसले, मग वाकून पाण्याची उंची वाचली, आणि खिशातल्या वहीत वेळ, उंची आणि चारीचा क्रमांक लिहिला. शेजारी उभ्या शेतकऱ्यानेही स्वतःच्या मोबाइलवर तीच उंची टिपून घेतली. दोघांचे आकडे जुळले की सही. पाण्याच्या बाजाराला जो पाया लागतो, तो हा आहे. ही वही जिथे नाही, तिथे कोणीही कोणाला काय विकले, हे ठरवता येणार नाही.

आता ‘शिल्लक’ या शब्दाबद्दल. ठिबकने वाचलेले सगळे पाणी खरोखर वाचलेले असतेच असे नाही. मोकळ्या पाटाने पाणी देताना जे शेतात मुरत होते, ते वाया जात नव्हते; त्यातले बरेचसे खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या विहिरीत उतरत होते, काही ओढ्याला पाझरत होते. ठिबक आल्यावर तो पाझर थांबतो. तेवढे पाणी आपण ‘वाचले’ म्हणून शहराला विकले, तर कागदावर आपला कोटा विकला जातो आणि प्रत्यक्षात शेजाऱ्याची विहीर विकली जाते. खरी बचत दोनच ठिकाणी होते : उघड्या पाण्याची आणि ओल्या मातीची जी वाफ उडून जात होती ती कमी झाली तर, किंवा पीकच कमी पाण्याचे घेतले अथवा क्षेत्र घटवले तर. म्हणून विकण्यायोग्य पाणी किती, हे मीटरवरच्या फरकाने ठरवू नका. पिकाने घेतलेल्या पाण्यात किती घट झाली, त्यावर ठरवा. सोपा उपाय असा की, शिल्लक दिसणाऱ्या कोट्यातला काही भागच विक्रीस काढावा आणि उरलेला विहिरींच्या नावाने कालव्यातच राहू द्यावा. किती भाग, ते आपल्या लाभक्षेत्रातील विहिरींची मे महिन्यातील पातळी दोन-तीन वर्षे मोजून ठरवता येईल.

कालव्याच्या गळतीचेही असेच दुहेरी आहे. धरणात पाणी थांबवले तर वाटेतली गळती वाचते, आणि शहराला शेताच्या मोघ्यावर मोजलेल्यापेक्षा अधिक पाणी मिळते. शहराच्या दृष्टीने हा निव्वळ लाभ आहे, पण कालव्याच्या दोन्ही काठांवरच्या विहिरी याच गळतीवर चालतात, आणि त्यांचे मालक आपल्या संस्थेचे सभासद असतीलच असे नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. विक्रीचा पैसा केवळ हेक्टरी हिशेबाने वाटला, तर मोठ्या खातेदाराला मोठा वाटा मिळेल, आणि कांदा लागवडीला येणाऱ्या बाया, काढणीचे मजूर, गावातला ट्रॅक्टरवाला यांना केवळ कामाची घट मिळेल. या ठिकाणी विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत आठवते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला त्यांनी पाण्याचा वाटा जमिनीप्रमाणे न देता घरातील माणसांप्रमाणे दिला, भूमिहीनांनाही दिला, उसाला मनाई केली, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, असा नियम ठेवला. आपल्या संस्थेच्या कायद्यात तो नियम जसाच्या तसा बसणार नाही. परंतु विक्रीच्या रकमेतला ठरलेला हिस्सा बाजूला काढून त्यातून त्याच उन्हाळ्यात चाऱ्यांचे अस्तरीकरण, मोघ्यांची दुरुस्ती, गाळ काढणे अशी कामे गावातल्याच मजुरांना द्यावीत, असा ठराव आपण करू शकता. त्यात मजुराला मजुरी मिळते आणि पुढच्या वर्षी शेपटाला पाणी पोहोचते.

विरोध करणारे सभासद कोण आहेत, हेही पाहावे. ते शेपटाकडचे असतील तर त्यांचे म्हणणे आधी ऐका. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याला ‘शिल्लक’ दिसते, तेव्हा पुष्कळदा शेपटाला पाळी पुरी झालेली नसते. आपल्या जिल्ह्यात आणि धुळ्यात मोसम, गिरणा, पांझरा यांच्या काठी शेकडो वर्षे चाललेल्या फड पद्धतीत ही गोष्ट जमिनीच्या मांडणीतच बसवलेली होती : बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले, शक्यतो प्रत्येकाची थोडी जमीन प्रत्येक फडात, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड भिजवायचे नाहीत असे सर्वांनी मिळून ठरवायचे. टंचाई आली तर ती सर्वांनाच सारखी येत असे. आपल्या सभेत विक्रीचा प्रस्ताव मांडताना पहिली अट हीच लिहावी, की शेवटच्या मोघ्यावरच्या सभासदाची सही झाल्याशिवाय त्या हंगामाचा कोटा शिल्लक आहे, असे जाहीर होणार नाही. आणि व्यवहार एका हंगामाचाच असावा. पाच किंवा दहा वर्षांसाठी पाणी देण्याचा मोह होईल, एकरकमी पैसा मोठा दिसेल. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

प्रश्न : जायकवाडीसाठी आमच्या धरणांतून पाणी सोडले जाते, तेव्हा आम्हाला कोण पैसे देते? तोही बाजारानेच सोडवावा. (द्राक्ष बागायतदार, नाशिक तालुका)

उत्तर : नाही. हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. २००५ च्या कायद्यात खोऱ्यातील धरणांमध्ये तुटीचे पाणी समन्यायी पद्धतीने वाटण्याचे कलम आहे. त्याच्या आधारे प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला आणि उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यावर निकाल दिला. २०२३ मध्ये नाशिक आणि नगरकडील धरणांतून सुमारे साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश झाला तेव्हाचा असंतोष मी जवळून पाहिला आहे, आणि नदीपात्रातून जाताना किती पाणी मुरते, याविषयीची आपली तक्रार मला रास्त वाटते. तरीही खालच्या लोकांचा जो वाटा ठरलेला आहे, तो त्यांना आपण ‘विकू’ शकत नाही. आधी खोऱ्यातले वाटे ठरतात, मग प्रत्येकाने आपल्या वाट्यात देवघेव करायची. ऑस्ट्रेलियातही मर्यादा आधी आली आणि बाजार नंतर फुलला, हे वर सांगितलेच आहे.

प्रश्न : माझ्या विहिरीला पाणी चांगले आहे. मार्च-एप्रिलमध्ये शेजारचे बागायतदार शेततळे भरायला पाणी मागतात, टँकरवालेही येतात. मी दिले तर त्यात चूक आहे का? गावात बोलणे होते. (शेतकरी, चांदवड तालुका)

उत्तर : धरणाच्या पाण्यासारखा कोटा विहिरीला नाही. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी उपसण्याची मुभा त्याची, असा जुना कायदेशीर समज अजून चालत आला आहे. त्यामुळे आपल्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा पाणीबाजार हाच आहे, आणि त्याच्यावर नोंद, मोजमाप, भावफलक काहीच नाही. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीजवळ नवी विहीर घेण्यावर आणि टंचाईच्या वेळी उपशावर निर्बंध घालण्याचे अधिकार मात्र १९९३ च्या भूजल कायद्यापासून प्रशासनाकडे आहेत. आपली विहीर गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून किती अंतरावर आहे, हे आधी ग्रामपंचायतीत पाहून घ्यावे.

आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि भेगांत, आणि ते थोडे असते. आपल्या विहिरीत दिसणारे पाणी आपल्या सातबाऱ्याच्या हद्दीत पडलेल्या पावसाचे नसते. वरच्या शेतांतून, ओढ्यातून ते वाहत आलेले असते. चांदवडजवळ एका रात्री मी शेततळ्यात टँकर रिकामे होताना पाहिले आहेत. काळ्या कागदावर पाणी पडल्याचा आवाज लांबून येत होता, एक टँकर निघाला की दुसरा मागे लागत होता. बागायतदाराची बाग त्या पाण्याने वाचली असणार, त्याला दोष देण्यासारखे काही नाही. पण सकाळी त्याच रस्त्याने वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन चालत होत्या.

आपण पाणी देऊ नये, असे मी म्हणणार नाही. शेजाऱ्याची बाग जळताना पाहत बसणे, हा काही धर्म नव्हे. एवढे करावे : विहिरीच्या कठड्यावरून आत एक खूण रंगवून घ्यावी आणि पाणी त्या खुणेखाली गेले की मोटार बंद, हे घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे. खूण कुठे रंगवायची, ते गावातल्या पिण्याच्या विहिरीची एप्रिलमधली पातळी पाहून, दोन-चार शेजाऱ्यांसमक्ष ठरवावे. तासावर पाणी देण्याऐवजी मीटर बसवून घनमीटरवर द्यावे. वीज कधी येते, दाब किती असतो, यावरून तासात मिळणारे पाणी निम्म्याने बदलते आणि भांडण तिथूनच सुरू होते. रोजचे आकडे वहीत लिहून ठेवा, आणि घेणाऱ्यालाही त्याची प्रत द्या.